इंधन असंच महागत गेलं तर नाशिकहून डायव्हिंगला जाणं पुढे कसं राहील?

गोदाकाठ (नाशिकरोड)

नमस्कार मंडळी. आमचा आठ जणांचा गट आहे. निम्म्यांचा डायव्हिंगचा पहिला, ओपन वॉटर कोर्स झालाय, निम्म्यांचा त्यापुढचा ॲडव्हान्स्ड. पुढच्या दोन हंगामांचा बेत ठरवायला बसलो की प्रत्येक वेळी गाडी इंधनाच्या भावावर येऊन अडते.

बेत असा आहे: या हंगामात मालवण आणि नेत्राणी (कर्नाटकात मुरुडेश्वरसमोरचं बेट) मिळून जोडून सुट्ट्यांचे तीन दौरे, पुढच्या वर्षी अंदमान, आणि त्यानंतर मालदीवची सात रात्रींची लिव्हअबोर्ड, म्हणजे बोटीवरच राहून डायव्हिंग करायची सफर. लिव्हअबोर्डवाले आगाऊ रक्कम आत्ताच मागतात. त्यांच्या अटींत एक ओळ आहे की इंधन महागल्यास माणशी, दर रात्रीमागे अधिभार लावण्याचा अधिकार बोटमालकाकडे राहील.

मला नेमकं हे समजून घ्यायचं आहे. डायव्हिंगच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा किती आणि तो कुठे लपलेला असतो? भाव आणखी २०-२५ टक्के वाढले तर या बेतातलं काय टिकेल आणि काय सोडून द्यावं लागेल? आणि बोटवाल्याला बुकिंगआधी काय विचारायचं? आकडे असतील तर आकड्यांतच सांगा.

तांडेल_६६

आधी समुद्रातला हिशेब मांडतो, कारण लोकांचा अंदाज तिथेच सगळ्यात जास्त चुकतो.

मुरुडेश्वरहून नेत्राणी साधारण १० समुद्री मैल, म्हणजे १९ किलोमीटरच्या आसपास. ३६ फुटी, १०० हॉर्सपॉवर डिझेल इंजिनाची बोट ८ नॉटने गेली तर जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. त्या वेगाला असं इंजिन तासाला १६ लिटरच्या आसपास पितं. येऊन-जाऊन ४० लिटर. बेटाभोवती जागा बदलताना आणि इंजिन नुसतं चालू ठेवताना आणखी ६. एकूण ४६ लिटर, डिझेल ९० रुपये धरून ४,१४० रुपये. बोटीवर १२ पाहुणे असले तर माणशी ३४५. पाचच असले तर माणशी ८२८.

आता डिझेल २५ टक्क्यांनी चढून ११२ रुपये ५० पैसे झालं असं धरा. तेच ४६ लिटर ५,१७५ रुपयांना. बारा जणांत माणशी ४३१. म्हणजे महाग डिझेलवर भरून गेलेली बोट, स्वस्त डिझेलवर पाच जणांना घेऊन गेलेल्या बोटीच्या जवळपास निम्म्या खर्चात पडते. तेलाच्या भावाआधी रिकाम्या जागा मोजा. तुमच्या आठांत चार जण जोडून घ्या, नाहीतर ज्या दिवशी दुसऱ्या गटाचं बुकिंग आहे तोच दिवस मागून घ्या. माझ्या मते पुढे किनाऱ्यावर हेच होणार आहे: रोज सुटणाऱ्या बोटी कमी होतील, आठवड्यातले ठरावीक दिवस राहतील, आणि किमान संख्या भरली नाही तर आदल्या संध्याकाळी फेरी रद्द होईल. ज्यांना तारीख मागेपुढे करता येते त्यांचं भागेल. फक्त शनिवार-रविवारवर अडून बसणाऱ्यांना ते जड जाईल.

दुसरी गोष्ट वेगाची. पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीला लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनात वाढते, म्हणजे तेवढ्याच अंतराचं तेल वेगाच्या वर्गात. ३६ फूट पाणरेषा असलेल्या बोटीची नैसर्गिक मर्यादा ८ नॉटच्या आसपास येते. त्या मर्यादेला घासून चालवली तर निम्मं तेल लाटा उठवण्यातच जातं. ८ ऐवजी ७ नॉट ठेवा: ४० लिटरचे ३१ होतात, एका बाजूचा वेळ ७५ मिनिटांवरून ८६ वर जातो. ३१ अधिक ६, असे ३७ लिटर, नव्या भावाने ४,१६२ रुपये. एका बाजूला अकरा मिनिटं जास्त दिलीत की २५ टक्क्यांची जवळपास सगळी वाढ पुसली जाते. मात्र सुटायची वेळ तेवढी अलीकडे घ्यायला हवी. दुपारनंतर पश्चिम किनाऱ्यावर वायव्येचा वारा धरतो, पाणी उसळायला लागतं आणि परतताना वाचवलेलं तेल तिथेच जातं. आठऐवजी सातला जेट्टी सोडलेली बरी.

आउटबोर्डच्या, म्हणजे मागे बाहेरून मशीन लावलेल्या फायबर बोटीला हा नियम लावू नका. ती पाण्यावर उचलली गेल्यावर काटकसरीने पळते आणि अर्धवट उचललेल्या अवस्थेत सगळ्यात जास्त पेट्रोल खाते. ११५ हॉर्सपॉवरच्या दोन मशिन्स पूर्ण ताकदीला तासाला ८० लिटरच्या आसपास जातात, मध्यम वेगाला त्याच्या निम्म्याने भागतं. डायव्हरची ॲल्युमिनियमची ८० क्युबिक फुटी हवेची टाकी भरलेली असली की १७ किलोच्या आसपास भरते. आठ डायव्हर आणि दोन गाइड, प्रत्येकी दोन टाक्या, म्हणजे नुसत्या टाक्याच ३४० किलो. वजन मागे साठलं की नाक वर राहतं, बोट उचलत नाही आणि तांडेल (बोट चालवणारा) थ्रॉटल वाढवत राहतो. टाक्या मधोमध लावायला सांगा.

बोट बघताना धूर बघा. नेहमीच्या वेगाला काळा धूर म्हणजे इंजिनावर ताण: इंजेक्टर खराब, तळाला कालवं आणि शेवाळ चढलेलं, किंवा पंख्यात जाळं अडकलेलं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. तळ खरवडून रंग मारणं हा इंधन वाचवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि तंगीत पुढे ढकलला जातो तोही हाच. बोट शेवटची कधी ओढून तळ साफ केला, हा बुकिंगचा पहिला प्रश्न असू द्या.

मासेमारी नौकांना डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा मिळतो. पर्यटक नेणाऱ्या बोटीला तेल पूर्ण भावाने घ्यावं लागतं. त्यामुळे बंदरावर मच्छीमाराचा खर्च विचारून डाइव्ह बोटीच्या दरावर घासाघीस करू नका.

कसारा_उतार

वरचा हिशेब बरोबर आहे. पण नाशिककरांचं खरं इंधन समुद्रात नाही, रस्त्यावर जळतं.

नाशिक ते मालवण सुमारे ६०० किलोमीटर. येऊन-जाऊन १,२००. पेट्रोल गाडी लिटरला १५ देते असं धरलं तर ८० लिटर, १०४ रुपयांनी ८,३२० रुपये. गाडीत चौघे असतील तर माणशी २,०८०. पेट्रोल २५ टक्क्यांनी वाढलं तर माणशी २,६००, म्हणजे ५२० रुपयांचा फरक. वरच्या नेत्राणीच्या बोटीत तेवढ्याच वाढीने माणशी फक्त ८६ रुपये वाढले होते. टोल, घाटातलं ब्रेकिंग आणि टपावर बांधलेलं सामान यात धरलेलंच नाही. टपावर बोचकं बांधलं की १५ चं मायलेज सहज १३ वर येतं.

म्हणून तीन जोडून सुट्ट्यांचे दौरे हा बेत मी मोडीत काढेन. तीन वेळा जाऊन सहा दिवस डायव्हिंग करण्यापेक्षा एकदाच जाऊन सलग पाच दिवस करा. माणशी ६,२४० रुपयांचं पेट्रोल २,०८० वर येतं. शिवाय एखादा दिवस वाऱ्याने किंवा गढूळ पाण्याने वाया गेला तरी हातात चार उरतात. दोन दिवसांच्या दौऱ्यात एक दिवस गेला की निम्मा दौरा गेला. रजा काढावी लागते हे खरं, पण रजेपेक्षा पेट्रोल जास्त वेगाने महागतंय.

नेत्राणीसाठी गाडी नेऊच नका. निजामुद्दीन–एर्नाकुलम मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस नाशिकरोडला थांबते आणि पनवेलवरून कोकण रेल्वेने मडगाव, उडुपी करत खाली उतरते. मडगावला उतरून पुढची गाडी पकडा, मुरुडेश्वरला कोकण रेल्वेचं स्वतःचं स्टेशन आहे. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पूर्ण झालं आहे, त्यामुळे डिझेलचा भाव या तिकिटाला थेट भिडत नाही. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. आठ जणांना एकत्र बर्थ हव्या असतील तर त्याच सकाळी बसा.

हीच गाडी पुढे एर्नाकुलमला जाते, आणि कोचीहून लक्षद्वीपची जहाजं सुटतात. प्रवेश परवाना आधी काढावा लागतो आणि जहाजातल्या जागा मर्यादित असतात. पण विमान अजिबात न घेता प्रवाळाच्या पाण्यात पोचण्याचा नाशिककरांसाठी हा एक धड मार्ग आहे. लक्षद्वीपमधल्या कडमत बेटाचा विचार अंदमानइतक्याच गांभीर्याने करा.

विमानाचं म्हणाल तर आपल्याकडच्या विमान कंपन्यांच्या खर्चात एटीएफचा, म्हणजे विमानाच्या इंधनाचा वाटा ३० ते ४० टक्के असतो. त्याचा भाव दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो, ते जीएसटीबाहेर आहे आणि प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंडिगोने अंतरानुसार ३०० ते १,००० रुपये इंधन शुल्क लावलं होतं आणि जानेवारी २०२४ मध्ये काढून टाकलं. असं शुल्क तिकीट काढतानाच लागतं, काढलेल्या तिकिटावर नंतर चढत नाही. त्यामुळे अंदमानच्या तारखा पक्क्या असतील तर लवकर काढणं फायद्याचं. दूरचं बघायचं तर परदेशी उड्डाणांच्या इंधनात शाश्वत इंधन मिसळण्याचं भारताचं लक्ष्य २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ आणि २०३० ला ५ टक्के आहे. हे इंधन साध्या एटीएफच्या कितीतरी पट महाग असतं. कच्चं तेल उतरलं तरी तिकीट त्या प्रमाणात उतरेल असं धरून चालू नका.

सामानाचंही बघा. देशांतर्गत तिकिटावर बहुधा १५ किलो मिळतात आणि पूर्ण डाइव्ह किटच १० ते १२ किलो होतं. मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर आणि रेग्युलेटर (टाकीतून श्वास घ्यायचं उपकरण) स्वतःचे न्या, बीसीडी (तरंगणं सांभाळणारं जाकीट) आणि फिन्स तिकडे भाड्याने घ्या. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच.

गोदाकाठ

तीन दौऱ्यांचा एक करायचं पटलं. आता दोन प्रश्न उरतात. लिव्हअबोर्डच्या अधिभाराची ती ओळ किती घाबरण्यासारखी आहे? आणि बॅटरीवरच्या बोटी येतील, थोडं थांबा असं गटातले काही जण म्हणतात, त्यात तथ्य आहे का?

निळी_रेघ

लिव्हअबोर्डबद्दल लिहिते. ३० मीटर लांबीची, १८ पाहुण्यांची बोट डोळ्यांसमोर ठेवा. एसी, गोडं पाणी करायचं मशीन, कॉम्प्रेसर आणि फ्रीज यांसाठी जनरेटर चोवीस तास चालतो: ४० किलोवॉट भाराला तासाला १२ लिटर धरले तर दिवसाला २८८. मुख्य इंजिन दिवसाला सहा तास, तासाला ७५ लिटरच्या हिशेबाने ४५०. सोबतच्या धोणीला (डायव्हर ने-आण करणाऱ्या छोट्या बोटीला) थोडं. एकूण दिवसाला ७५० लिटरच्या आसपास, माणशी ४२. सात रात्रींचे २९० लिटर. लिटरला एक डॉलर धरलं तर तुमच्या तिकिटात २९० डॉलर नुसतं डिझेल आहे. भाव २५ टक्के चढला तर माणशी ७३ डॉलर, रात्रीला १० च्या आसपास.

हा आकडा मापाला ठेवा. २५ टक्के वाढीवर कोणी रात्रीला २५ डॉलर मागत असेल तर तो तेलापेक्षा जास्त काहीतरी वसूल करतोय.

आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी उत्तर मागा: अधिभार कुठल्या मूळ भावाच्या वर लागेल, तो भाव कुठल्या तारखेचा, कमाल मर्यादा किती, आणि बोटीवर रोख घेणार की आधी बिल पाठवणार. मर्यादा लिहून देत नसतील तर मी पैसे भरणार नाही. किमान संख्या भरली नाही म्हणून फेरी रद्द झाली तर रक्कम परत मिळणार की पुढच्या तारखेवर ढकलणार, हेही त्याच मेलमध्ये विचारा. विमानाचं तिकीट त्यांच्या नाही, तुमच्या अंगावर पडतं.

मार्गही बघा. माले, वावू, आरी अशा मधल्या प्रवाळद्वीपांची फेरी इंजिनाला हलकी जाते. हुवधू, फुवाहमुला, अड्डू असा दूर दक्षिणेचा मार्ग म्हणजे लांब पल्ला आणि वर मालदीवमधलंच दुसरं विमान. इंधन चढतं तेव्हा आधी अशाच फेऱ्या गळतात, किंवा छापलेला कार्यक्रम तोच ठेवून प्रत्यक्षात दोन जागा वगळल्या जातात. अंदमानातही तसंच: हॅवलॉकला जेट्टीजवळची ‘वॉल’ ही डाइव्हची जागा किंवा किनाऱ्यावरूनच उतरता येणारं निमो रीफ टिकेल, डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज महागतील, आणि बॅरन बेटासारख्या पूर्ण दिवसाच्या सफरी मोजक्याच होतील.

मालदीवच हवं असेल तर लिव्हअबोर्डऐवजी स्थानिक बेटावरच्या गेस्टहाउसमध्ये राहा. दक्षिण आरीतलं धिगुराह व्हेल शार्कसाठी, फुवाहमुला टायगर शार्कसाठी. फुवाहमुलाला टायगर शार्कची जागा बंदराच्या तोंडाशीच आहे, बोट काही मिनिटंच चालते. जागा बदलण्याची चैन मिळत नाही, पण एका ठिकाणचं पाणी, प्रवाह आणि प्राणी नीट ओळखीचे होतात. चार-पाच प्रवाळद्वीपं धावत बघण्यापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

तांडेल_६६

बॅटरीचं थोडक्यात सांगतो. ४० हॉर्सपॉवरच्या मशिनाला तासभर पूर्ण चालवायचं तर ३० युनिट लागतात. तेवढ्या बॅटरीचं वजन २०० किलोच्या वर जातं, तेच काम पेट्रोलवर १३-१४ लिटरमध्ये होतं. मालवणला किल्ल्याभोवतीच्या दहा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्यांना हे जमण्यासारखं आहे. नेत्राणीला नाही, कारण परतीचा साठा धरला की बॅटरी दुप्पट-तिप्पट होते आणि डायव्हरची जागा खाते. त्यासाठी थांबू नका.

शून्य_तरंग

खर्चाचं सगळं झालं, आता सुरक्षेचं बोलू. तेल महागतं तेव्हा दर वाढवायला बोटवाला घाबरतो आणि काटछाट न दिसणाऱ्या ठिकाणी होते. ती ठिकाणं माहीत असली पाहिजेत.

टाकीतलं तेल. नियम तिसऱ्या हिश्शाचा: एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव. वरच्या ४६ लिटरच्या फेरीला सुटताना टाकीत ७० लिटर हवं. ५० वर निघालेली बोट कागदावर परत येते, पण टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ असतो. तेल खाली गेलं आणि बोट हेलकावली की तो गाळ फिल्टरमध्ये ओढला जातो आणि इंजिन बंद पडतं, तेही बेटाच्या खडकांजवळ डायव्हर पाण्यात असताना. सुटण्याआधी पट्टी बुडवून दाखवायला सांगण्यात संकोच करू नका.

हवा. ११ लिटरची टाकी ५० बार दाबावरून २०० ला न्यायची तर साधारण १,६५० लिटर हवा लागते, मिनिटाला २०० लिटरच्या कॉम्प्रेसरला सव्वाआठ मिनिटं. विजेवर हे पाऊण युनिटाच्या आत होतं, पेट्रोल इंजिनवर पाव लिटरपेक्षा थोडं जास्त जातं. खर्च मुळात कमी आहे, पण घाई केली जाते. झटपट भरलेली टाकी गरम असताना २०० दाखवते आणि गार झाल्यावर १८० वर येते. पाण्यात उतरताना स्वतःचा गेज वाचा, काल संध्याकाळचा आकडा धरू नका.

याहून गंभीर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. पेट्रोल किंवा डिझेल इंजिनावरच्या कॉम्प्रेसरचा हवा ओढायचा पाइप धुराड्याच्या वाऱ्याच्या दिशेला आला तर धूर थेट टाकीत जातो. फिल्टरमधला उत्प्रेरक हा वायू कमी करतो, पण ओलावा शिरला की तो निकामी होतो, म्हणून फिल्टर वापराच्या तासांप्रमाणे बदलावा लागतो. त्याची नोंदवही मागा. युरोपच्या मानकात श्वसनाच्या हवेत याची मर्यादा दहा लाखांत ५ भाग आहे. या वायूला वास नसतो, त्यामुळे टाकी हुंगून काही कळत नाही. हवा हुंगून तेलकट वास आला तर ती टाकी नाकाराच, पण वास नाही म्हणून ती शुद्ध असं समजू नका. आठ जणांच्या गटाने मिळून हा वायू मोजणारा, हातात धरायचा एक ॲनालायझर घ्यावा.

प्राणवायू. कुणाला त्रास झाला आणि ७ नॉटने परतताना मिनिटाला १५ लिटरने ८६ मिनिटं द्यायचा झाला तर १,२९० लिटर लागतो. आपल्याकडचा बी टाइप सिलिंडर १,५०० लिटरचा, म्हणजे एका माणसापुरता जेमतेम. तोही पूर्ण भरलेला हवा. हळू चालवायचं ठरलं असलं तरी आणीबाणीत पूर्ण वेगाने परतायचं, हे सुटतानाच तांडेलाशी बोलून घ्या.

आणि नाशिककरांसाठी खास: मुक्काम आणि पेट्रोल वाचवायला शेवटचा डाइव्ह करून तडक गाडी काढू नका. डाइव्हनंतर उंचीवर जाण्याआधी थांबायचं असतं. डॅन या डायव्हिंग सुरक्षेच्या संस्थेच्या मार्गदर्शनाप्रमाणे एकाच, वर येताना थांबे न लागलेल्या डाइव्हनंतर किमान १२ तास, आणि अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर १८. ते ६०० मीटरच्या पुढच्या उंचीला लागू आहे. आंबोली ६९० मीटरच्या आसपास, गगनबावडाही असाच उंच, आणि नाशिक स्वतःच ६०० च्या काठावर. सलग पाच दिवस डायव्हिंग करणार असाल तर शेवटचा डाइव्ह निघायच्या आदल्या दिवशी दुपारीच संपवा आणि सकाळी निघा. मुंबई-गोवा महामार्गाने आलात तर कसाऱ्यापर्यंत बहुतेक रस्ता सखल आहे, घाटातून कोल्हापूरला चढण्यापेक्षा तो बरा.

गोदाकाठ

मनापासून आभार. गटाशी बोलून असं ठरतंय: डिसेंबरात मंगलाने नेत्राणी, सलग पाच दिवस. लिव्हअबोर्डला लेखी मर्यादा मागितली आहे, मिळाली नाही तर फुवाहमुला. बोट भरायला चार नवे जण तयार आहेत, पण त्यांचा ओपन वॉटर कोर्स व्हायचा आहे. तो तिकडेच केला तर त्यांचे दिवस आणि मुक्काम वाढतो. इथे काही उरकता येतं का?

निळी_रेघ

येतं. थिअरी ऑनलाइन घरी होते. उथळ पाण्यातले सराव नाशिकच्याच तरण तलावात, पात्र इन्स्ट्रक्टर बोलावून आणि तलावाची परवानगी घेऊन करता येतात. मग इन्स्ट्रक्टर रेफरलचा कागद देतो. तो १२ महिने चालतो आणि समुद्रातले चार डाइव्ह दुसऱ्या इन्स्ट्रक्टरकडे दोन दिवसांत पूर्ण होतात. वैद्यकीय प्रश्नावली आधी भरून घ्या: दमा, कानाची शस्त्रक्रिया, रक्तदाबाची गोळी असं काही असेल तर डॉक्टरची सही लागते, आणि ती मुरुडेश्वरला पोचल्यावर शोधत बसलात तर तो माणूस जेट्टीवरच राहील. तिथल्या सेंटरला त्याच संस्थेचा रेफरल चालतो का हे आजच विचारा. त्या चौघांचे पहिले दोन दिवस कोर्सचे असतील हे धरून बोटीची किमान संख्या ठरवा.